जागेचा भाव आणि शेजार : ख्वाजा अहमद अब्बास यांच्या निमित्ताने

मराठी वाचकाच्या मनात पानिपत हे गाव नाही, रणांगण आहे. १४ जानेवारी १७६१ या दिवसाने त्या नावावर असा शिक्का मारला की, 'पानिपत होणे' हा आपल्या भाषेत सर्वनाशाचा वाक्प्रचार होऊन बसला. विश्वास पाटील यांच्या १९८८ मधील कादंबरीने तीच ओळख नव्या पिढीपर्यंत अधिक तीव्रतेने पोहोचविली. तेथे लढाईच्या आधीही माणसे राहत होती आणि नंतरही राहिली, तेथे मोहल्ले आहेत, भिंतीला भिंत लागून घरे आहेत, ही साधी गोष्ट आपल्या साहित्यिक स्मृतीत शिरलेली नाही. अशा या गावात ७ जून १९१४ रोजी ख्वाजा अहमद अब्बास जन्मले आणि पुढे त्यांनी मुंबईतील घराचा प्रश्न आपल्या लेखनाच्या व चित्रपटांच्या केंद्राशी आणला. योगायोग म्हणून ही गोष्ट सोडून देता येईल. परंतु मुंबईच्या चाळींविषयी मराठीत जे लिहिले गेले आणि आपण ते ज्या रीतीने वाचले, त्याकडे पुन्हा पाहण्यासाठी हा पानिपतचा माणूस फार उपयोगी पडतो, असे मला वाटते.

अब्बास यांच्या आईचे आजोबा म्हणजे उर्दू कवी व समीक्षक अल्ताफ हुसेन हाली. १८९३ मधील 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' या ग्रंथात हालींनी काव्याचा संबंध समाजजीवनाशी जोडला आणि उर्दू समीक्षेचा पाया घातला. घर म्हणजे केवळ निवारा नव्हे, तर नाव, घराणे व मोहल्ला यांची एकत्र गुंफण, ही जाणीव अशा कुटुंबात उपजतच असते. १९४७ मध्ये ती गुंफण तुटली. पानिपतच्या मुसलमान कुटुंबांना गाव सोडावे लागले. त्यांत अब्बासांचे आप्तही होते. त्यांच्या रिकाम्या घरांत पश्चिम पंजाबातून आलेले निर्वासित शिरले, जे स्वतःही मागे घरे टाकून आलेले होते. पुढे १९५० आणि १९५४ च्या कायद्यांनी या अदलाबदलीला शासकीय रूप दिले. सोडून आलेल्या घराचा दावा दाखल करायचा, त्याचे मोल ठरवून घ्यायचे आणि त्यावर भरपाई मिळवायची. घराचे मोल झाले. शेजाराचे मोल कोणत्याही अर्जात मांडता येण्याजोगे नव्हते.

'भाव' या आपल्या शब्दाचे दोन अर्थ येथे आठवतात. एक बाजारातला, दुसरा अंतःकरणातला. मराठी समीक्षेने दुसऱ्या अर्थावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. पहिला अर्थ तिने वर्तमानपत्राच्या व्यापारी पानासाठी सोडून दिला. महानगराच्या साहित्यात मात्र हे दोन अर्थ एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. जागेला जो भाव येतो, त्यावरून कोण कोणाचा शेजारी होणार हे ठरते. आणि शेजार ठरला की, कोणाला कोणाविषयी काय वाटणार याची चौकटही बरीचशी ठरून जाते.

अब्बास यांनी हे फार लवकर ओळखले. १९३५ मध्ये ते 'बॉम्बे क्रॉनिकल' या पत्रात आले आणि पुढे अखेरपर्यंत मुंबईचेच राहिले. व्ही. पी. साठे यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या 'श्री ४२०' (१९५५) या राज कपूर यांच्या चित्रपटाची गाणी आजही लोकांच्या ओठांवर आहेत. परंतु त्याच्या कथानकाचा कणा जागेच्या व्यवहाराचा आहे, याकडे दुर्लक्ष होते. अलाहाबादेहून आलेल्या नायकाला फूटपाथवरही सहजी पथारी पसरता येत नाही. तेथेही आधी आलेल्यांचा हक्क असतो. नंतर हेच फूटपाथवासी त्याला आपलासा करतात. आणि शेवटी, त्याच माणसांना शंभर रुपयांत घर मिळवून देण्याची योजना एक सोनेरी फसवणूक म्हणून त्यांच्यापुढे येते. या फसवणुकीत नायकही सामील असतो. म्हणजे ज्या शेजाराने त्याला आधार दिला, तोच शेजार त्याच्या हातून गिऱ्हाइकांच्या यादीत जातो. शहरी गृहबांधणीच्या जाहिरातीचे इतके नेमके चित्र त्या काळच्या मराठी कादंबरीत क्वचितच दिसेल.

अब्बास यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला 'शहर और सपना' (१९६३) याहून अधिक उघडावाघडा आहे. पंजाबातून आलेला एक तरुण आणि त्याला शहरात भेटलेली मुलगी रस्त्याकडेच्या एका प्रचंड नळात संसार मांडतात. नाना पळशीकर, डेव्हिड आदी नटांनी त्यांचे शेजारी उभे केले आहेत. या चित्रपटाला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. त्यातील नळ ही प्रतिमा म्हणून योजलेली वस्तू नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. नळ शहरासाठी आणलेला आहे. तो एक ना एक दिवस जमिनीखाली जाणार आणि त्यातील संसार उठणार. शहर ज्या वस्तूंनी वाढते, त्याच वस्तूंच्या पोकळीत शहर बांधणारा माणूस तात्पुरता राहतो. हा विचार अब्बास यांनी संवादांतून नव्हे, तर जागेच्या निवडीतूनच मांडला आहे.

आता मराठीकडे वळू. चाळ म्हटली की पहिले नाव पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) या पुस्तकाचे येते, आणि ते योग्यच आहे. चाळकऱ्यांची संघटना, त्यांचे उपक्रम, त्यांचे रुसवेफुगवे यांतून मध्यमवर्गीय शेजाराचे जे दर्शन पु. लं.नी घडविले, त्याला तोड नाही. अखेरच्या चिंतनात विनोदाखालची हुरहुरही उघडी पडते. परंतु ही चाळ ज्या अर्थव्यवहारावर उभी होती, तो त्या पुस्तकात जवळजवळ अदृश्य आहे. चाळीला नाव मालकाचे आहे. मालक मात्र कथेत नाही. मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या जागांचे भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले. त्यामुळे एकदा आत असलेल्या कुटुंबाला पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणे शक्य झाले, आणि बाहेरच्याला आत येण्यासाठी पगडी मोजावी लागू लागली. कायद्याने पगडीला मनाई होती. व्यवहाराने तिला मान्यता होती. डोक्यावरच्या मानाच्या वस्त्राचे नाव टेबलाखालच्या रकमेला मिळावे, यात भाषेने केलेली टीका आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ ने अखेर अशा रकमेला वैध ठरविले. गॅलरीतल्या ज्या स्नेहाचे आपण कौतुक करतो, त्याच्या मुळाशी हे गोठलेले भाडे होते. माणसे हलत नव्हती, म्हणून ओळखी पिकत होत्या.

येथे एक कबुली द्यायला हवी. मी अनेक वर्षे विद्यापीठात हे साहित्य शिकविले. चाळीतील 'सामूहिक जीवनजाणीव' या विषयावर मी विद्यार्थ्यांकडून टिपणेही लिहून घेतली. पण या चाळीत खोली कोणाला मिळत नव्हती, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. तो प्रश्न मला एका विद्यार्थ्याने विचारला, आणि माझ्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते.

उत्तर छापून कधीच प्रसिद्ध झालेले होते. 'शहर और सपना' ज्या वर्षी आला, त्याच १९६३ मध्ये मराठीत दोन पुस्तके निघाली : जयवंत दळवी यांची 'चक्र' ही कादंबरी आणि बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह. दळवींनी झोपडपट्टीतील जगणे कोणताही मुलामा न देता समोर ठेवले. बागूलांनी त्याहून खोल घाव घातला. त्यांच्या शीर्षककथेचा निवेदक रेल्वेतील नोकरीसाठी परमुलखात जातो. त्याला नोकरी आहे, पगार आहे. प्रश्न आहे तो राहण्याच्या जागेचा. जागेसाठी त्याला आपली जात लपवावी लागते. सहकारी त्याचा आदर करतात, त्याला घरी बोलावतात. जात कळताच तोच शेजार हिंस्र होऊन त्याच्यावर तुटून पडतो. म्हणजे पैसे मोजूनही जी किंमत उरते, ती माणसाच्या नावातून वसूल केली जाते.

बागूलांची ही कथा अब्बास यांच्या चित्रपटाशेजारी ठेवली की, दोघांचीही मर्यादा व सामर्थ्य उजळून निघते. अब्बास यांना जागेचा भाव दिसतो. पण त्यांचे गरीब शेजारी जवळजवळ सर्वच उदार आहेत. दारिद्र्य माणसांना एकत्र आणते, असा त्यांचा विश्वास होता. 'श्री ४२०'च्या शेवटी फसवणूक उघडकीस येते आणि कष्ट, एकजूट व राष्ट्राची उन्नती यांवरील श्रद्धा पडद्यावर विजयी होते. नळातल्या संसाराला शेजारी जात विचारीत नाहीत. हा दोष अज्ञानाचा म्हणता येणार नाही. धर्माच्या नावाने आपले गाव हरवताना पाहिलेल्या माणसाने असा शेजार हट्टाने कल्पिला असावा, असे मला वाटते. तरीही कल्पिलेला शेजार आणि अनुभवलेला शेजार यांतील अंतर समीक्षकाने नोंदविले पाहिजे. पु. लं.ना शेजार दिसला, भाव दिसला नाही. अब्बास यांना भाव दिसला, पण शेजारातील भिंत दिसली नाही. बागूलांना दोन्ही दिसले, कारण ते त्या भिंतीच्या पलीकडून पाहत होते.

हा केवळ जुन्या पुस्तकांचा वाद नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर लालबाग-परळचा नकाशा बदलला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीतील वाटे ठरवून दिले, २००१ मधील दुरुस्तीने ते आक्रसले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक आणि 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हा कथासंग्रह यांत जागेचा भाव प्रथमच मराठी कुटुंबाच्या ताटापर्यंत आलेला दिसतो. शहरातल्या जमिनीचे मोल वाढत असताना त्या जमिनीवरच्या माणसाचे मोल कसे उतरते, हे पवारांनी आकडे न देता दाखविले. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून पहिली कुटुंबे २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांत गेली. त्यांच्या आनंदाकडे बाहेरून बघून 'शेजार संपला' असे उसासे टाकण्याचा अधिकार, सामाईक नळाच्या रांगेत कधी उभे न राहिलेल्या आपल्यासारख्यांना नाही.

विचारायचा प्रश्न निराळा आहे. नव्या मनोऱ्यांत खोली कोणाला नाकारली जाते? २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा नियम ग्राह्य धरला. त्या निर्णयामागे कायद्याची स्वतःची संगती आहे. परंतु बागूलांची कथा वाचलेल्या वाचकाला तो निर्णय वाचताना काही आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि तसे आठवणे हेच साहित्याचे काम आहे.

चाळीवरचे साहित्य आपण स्मरणरंजन म्हणून वाचत राहिलो, तर ते लवकरच वास्तुसंग्रहालयातील वस्तू होईल. ते जागेचा भाव लक्षात ठेवून वाचले, तर मात्र पुढच्या लेखकांच्या हाती ते हत्यार म्हणून पडेल. पानिपतच्या मोहल्ल्यातून आलेल्या एका लेखकाने मुंबईतील एका नळात घर पाहिले. आपण चाळीत घर पाहिले. त्या घराच्या दाराबाहेर ताटकळत उभा असलेला माणूस पाहण्यास आपल्याला फार उशीर झाला.