न्हावी बोलू लागतो तेव्हा

चार्ली चॅप्लिनच्या ‘द ग्रेट डिक्टेटर’वरचा आक्षेप जुनाच आहे. ऑक्टोबर १९४० मध्ये तो न्यूयॉर्कला प्रथम लागला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. समीक्षकांपैकी अनेकांनी मात्र शेवटच्या भाषणाला नाक मुरडले. हुकूमशहा समजून व्यासपीठावर चढवलेला गरीब ज्यू न्हावी एकाएकी माणुसकीवर बोलू लागतो. तो न्हावी उरत नाही, खुद्द चॅप्लिनच बोलतो आणि विनोदाचा बेरंग होतो, असे त्यांचे म्हणणे.

बारामती-इंदापूरकडच्या माणसाला हे पटणे कठीण. तुकोबांची पालखी आमच्याच वाटेने पंढरीला जाते. मुक्कामाच्या रात्री भारूड रंगते तेव्हा सोंग घेतलेला माणूस लोकांना पोट धरून हसवतो आणि शेवटी सोंग बाजूला ठेवून सरळ चार शब्द सांगतो. बेरंग झाला म्हणून कोणी उठून गेलेले मी पाहिले नाही. त्या चार शब्दांसाठीच तर नाथांनी सोंगे रचली!

त्याच १९४० साली मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’मध्ये चिं. वि. जोशींचा चिमणराव पडद्यावर आणला. तो विनोद घरगुती, मायेचा. त्याला उपदेशाची गरज नव्हती. चॅप्लिनसमोर हिटलर होता. दोघे १८८९ च्या एप्रिलमध्ये चार दिवसांच्या अंतराने जन्मलेले, मिशीही तशीच. पृथ्वीचा फुगा करून हुकूमशहा हिंकेल त्याच्याशी जो नाच करतो, तो पाहताना हसू येते आणि अंगावर काटाही येतो. शेवटी फुगा फुटतो तेव्हा तो लहान मुलासारखा रडतो.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात भिंतीवर पडदा लावून मी हा चित्रपट दाखवला. इंग्रजी संवाद मराठीत सांगत होतो. हिंकेलचे पहिले भाषण मात्र सांगावे लागले नाही. ती जर्मनसारखी वाटणारी निव्वळ बडबड आहे, ध्वनिक्षेपकदेखील भिऊन मागे वाकतो! मुले लोटपोट हसली. न्हाव्याच्या भाषणाला वर्ग चिडीचूप झाला. चित्रपट संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, पण टाळ्या वाजवणारी माणसं तीच ना?”

इतक्या वर्षांत मला हे सुचले नव्हते. भाषण लांबले की नाही, यावरच आम्ही वाद घालत बसलो. हिंकेलचा जयजयकार करायला जमलेली गर्दी न्हाव्यालाही तितक्याच जोराने दाद देते. तिला काही उमगले, की माईकवर हिंकेल आहे म्हणूनच ती ओरडली? चॅप्लिन तिकडे वळून पाहत नाही. चित्रपटातली खरी उणीव मला आता इथे दिसते. छळछावण्यांतले खरे प्रकार ठाऊक असते तर हा चित्रपट काढूच शकलो नसतो, असे त्याने १९६४ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे. १९४० मध्ये त्याचा गर्दीवर भरवसा होता.

दुसऱ्या दिवशी मी तो पहिला प्रसंग वर्गात पुन्हा लावला. हिंकेल हात वर करतो आणि टाळ्या तत्क्षणी थांबतात. या खेपेला मुले फारशी हसली नाहीत.