मागच्या स्पीकरमधलं सभागृह

८ मे १९७७ च्या रात्री न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये ग्रेटफुल डेड या बॅंडचा कार्यक्रम झाला. तो तिथे दोन तऱ्हांनी टेपवर उतरत होता. बॅंडची ध्वनिमुद्रक बेटी कॅंटर-जॅक्सन मंचावरच्या मायक्रोफोनमधून तारेने थेट आलेला आवाज टिपत होती; समोरच्या गर्दीत काही श्रोते आपापले मायक्रोफोन आणि कॅसेट डेक घेऊन उभे होते. बेटीच्या टेपवर प्रत्येक तार, प्रत्येक झांज स्वच्छ ऐकू येते, पण तो कवायतीसाठी बांधलेला अवाढव्य हॉल तिथे जवळजवळ नाहीच. श्रोत्यांच्या टेपवर हॉल आहे, गर्दी आहे, छताला आपटून परत येणारा ढोलाचा घुमारा आहे, आणि त्या घुमाऱ्यात गाण्याचे शब्द बुडालेले आहेत.

या दोन्ही टेप एकत्र आणून पाच-सहा स्पीकरच्या सराउंड रचनेत बसवायच्या, बेटीचा आवाज समोर ठेवायचा आणि हॉल श्रोत्याच्या पाठीमागे उभा करायचा, हे काम चाहते गेली वीसेक वर्षं घरच्या संगणकावर करत आहेत. कोणी पैसे देत नाही, कंपनीचा शिक्का नाही. तरीही ही एक कला आहे आणि तिला कलेसारखंच तपासायला हवं. तंत्र म्हणून ती खूप पुढे गेली आहे. पण मागच्या स्पीकरमध्ये नेमकं काय ठेवायचं, या मूळ प्रश्नावर ती अजून गोंधळलेली आहे. माझं मत स्पष्ट आहे: तिथे त्या रात्रीचं सभागृह हवं, दुसरं काही नको.

आधी कच्च्या मालाविषयी. ग्रेटफुल डेडच्या कार्यक्रमांत चोरून मुद्रण करणारे ‘टेपर’ सुरुवातीपासून होते. पुढे बॅंडने त्यांना फारसं अडवलं नाही, आणि २७ ऑक्टोबर १९८४ रोजी बर्कली कम्युनिटी थिएटरमध्ये त्यांच्यासाठी साउंडबोर्डच्या (मंचावरचे सगळे आवाज जिथे मिसळले जातात त्या ‘बोर्डा’च्या) मागे वेगळी जागाच राखून ठेवली. टेप विकायची नाही, फक्त अदलाबदल करायची, हा या मंडळींचा कडक नेम. कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवला की कार्यक्रम घरी यायचा. त्यामुळे एकाच रात्रीची बोर्डाची एक टेप आणि गर्दीतल्या निरनिराळ्या जागांवरून घेतलेल्या अनेक टेप, अशी संपत्ती साठत गेली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते. रंगात आलेला लांबलचक वाद्यविस्तार नेमका तिथेच तुटतो, आणि ती फट बुजवायला दुसऱ्या टेपरची कॅसेट कामी येते.

दोन स्रोत मिसळण्याची कल्पना चाहत्यांची एकट्यांची नाही. बॅंडचा ध्वनी-अभियंता डॅन हीली यानेच १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बोर्ड आणि सभागृहातले मायक्रोफोन एकत्र करून टेप केल्या होत्या. अशा मिश्रणाला ‘मॅट्रिक्स’ म्हणतात. मॅट्रिक्स दोनच स्पीकरसाठी असतं. सराउंड त्याच्या पुढची पायरी. मात्र ही पायरी चढताना अडचणी बदलतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

पहिली अडचण वेळेची. बोर्डाचा आवाज तारेतून येतो, म्हणजे तत्क्षणी. मंचापासून ३० मीटरवर उभ्या असलेल्या मायक्रोफोनला तोच आवाज सुमारे ८७ मिलिसेकंद उशिरा मिळतो, कारण वीस अंश तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर आहे. मग संगणकाच्या पडद्यावर दोन्ही लाटा एकाखाली एक मांडायच्या, स्नेअर ड्रमचा एखादा सुटा फटका शोधायचा आणि दोन्हींची टोकं जुळवायची. एका जागी जुळलं म्हणजे काम संपलं असं नाही. कॅसेट डेकचा वेग अर्ध्या टक्क्याने जरी वेगळा असला तरी तासाभरात अठरा सेकंदांचं अंतर पडतं. तेही सरळ रेषेत नाही. टेप रिळावर जशी गुंडाळत जाते तशी चाल बदलते. डिजिटल यंत्रंही सुटत नाहीत: घड्याळात दहा लाखांत वीस भागांचा फरक असला की तासाला ७२ मिलिसेकंद. उघड्यावरच्या कार्यक्रमात तर हवाच बदलते. तिसऱ्या प्रहरी तीस अंश असलेलं तापमान रात्री वीसवर आलं, तर त्याच ३० मीटरवर आवाज दीड मिलिसेकंदाने आणखी मागे पडतो.

दीड मिलिसेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण एकच आवाज दोन वाटांनी, एका मिलिसेकंदाच्या अंतराने येऊन एकत्र झाला, तर ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ, २५०० हर्ट्झ असे पट्टे एकमेकांना खाऊन टाकतात. गाणाऱ्याचा गळा पोकळ, नाकातला वाटू लागतो. दोन स्पीकरच्या मॅट्रिक्समध्ये हा दोष ताबडतोब पकडला जातो. सराउंडमध्ये दोन्ही स्रोत वेगवेगळ्या स्पीकरमधून येत असल्याने तो लपतो, आणि म्हणूनच ढिलाई वाढते. अशी मिश्रणं हेडफोनवर दोन चॅनलमध्ये एकवटून ऐकली की लपलेलं सगळं बाहेर येतं. आज पुष्कळ जण हेडफोनवरच ऐकतात. ही कसोटी टाळून चालणार नाही.

शिवाय अंतर पूर्ण शून्यावर आणणं हेही बरोबर नाही. हेल्मुट हास याने १९४९ साली मांडलेलं निरीक्षण इथे उपयोगी पडतं: आधी पोचलेला आवाज दिशा ठरवतो, आणि त्यामागोमाग तीसेक मिलिसेकंदांच्या आत येणारा तोच आवाज वेगळा न कळता पहिल्यात विरघळतो. जाणकार मिक्सर मागचे चॅनल आधी बोर्डाशी तंतोतंत जुळवतात आणि मग मुद्दाम पंधरा-वीस मिलिसेकंद मागे सरकवतात. बॅंड समोरच राहतो, आणि खोलीच्या भिंती दूर गेल्यासारख्या वाटतात. बास गिटारचा खर्ज मात्र बोर्डाकडूनच घ्यावा. गर्दीतल्या टेपवरचा खालचा पट्टा कापला नाही तर बॅंडचा बासवादक फिल लेश याच्या बासचा नुसता चिखल होतो.

आता मुख्य आक्षेप. टेपरने मायक्रोफोन लावला तो मंचाकडे तोंड करून. उंच स्टॅंडवर, शेजाऱ्यांची बडबड येऊ नये अशा बेताने. मागचं ऐकू येऊ नये यासाठी त्याने जिवाचं रान केलं, आणि आपण तीच टेप मागच्या स्पीकरमध्ये घालून तिच्याकडे मागचं सभागृह मागतो. त्या टेपवर आहे मुख्यतः बॅंड, थोडा धूसर झालेला. तो मागे नुसता चिकटवला की श्रोता दोन बॅंडच्या मधोमध सापडतो. फिरणाऱ्या मिश्रणांपैकी पुष्कळांत हाच दोष आहे, आणि लोक त्यालाच ‘भव्य’ म्हणतात याचं मला वाईट वाटतं.

उपाय आहेत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड हाफलरने सुचवलेली युक्ती आजही उत्तम: डाव्या चॅनलमधून उजवा वजा करायचा. दोन्हींत सारखं असलेलं, म्हणजे मधोमध येणारं गाणं आणि ढोल, बरंचसं गळून पडतं. बाजूंनी येणारा घुमारा आणि टाळ्या उरतात. दुसरा उपाय म्हणजे दोन टेपरच्या दोन टेप वापरायच्या, जवळची बाजूंना आणि लांबची मागे. तिसरा मार्ग यंत्रानेच दाखवला. २००७ साली आलेला झूम एच२ हा छोटासा रेकॉर्डर पुढचं आणि मागचं एकाच वेळी चार चॅनलवर टिपत असे. त्याचे मायक्रोफोन शोप्स किंवा नॉयमन या कंपन्यांच्या महागड्या मायक्रोफोनच्या पासंगालाही पुरणार नाहीत. पण त्याच्या मागच्या दोन चॅनलमध्ये खरोखर मागचं असतं: कोणाची तरी शिट्टी, भिंतीवरून उशिरा परतणारा फटका, पुढचं गाणं ओळखल्याबरोबर उसळलेला कल्ला. सराउंडसाठी मी महागड्या मायक्रोफोनऐवजी हाच स्रोत घेईन.

गर्दी मागे आणि बॅंड समोर हा नियम सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. पिंक फ्लॉइडने मे १९६७ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये श्रोत्यांच्या चहूबाजूंनी आवाज फिरवला होता, आणि पुढेही ते चार दिशांचे स्पीकर वापरत राहिले. तिथे मागून येणारा आवाज हा कार्यक्रमाचाच भाग होता. चाहत्यांच्या दोन चॅनलच्या टेपवर ती दिशा हरवली, ती परत आणता येत नाही. ग्रेटफुल डेडची १९७४ची ‘वॉल ऑफ साउंड’ हेही असंच निराळं प्रकरण. सुमारे ६०० स्पीकरची ती भिंत बॅंडच्या मागे उभी असे, आणि प्रत्येक वाद्याला तिच्यात आपला स्वतंत्र स्तंभ होता. ऐकणाऱ्याला गिटार आणि पियानो खरोखर वेगवेगळ्या जागांवरून ऐकू येत. त्या वर्षाचं मिश्रण करताना समोरच्या तीन स्पीकरमध्ये वाद्यांची मांडणी त्या भिंतीप्रमाणे केली, तर तो इतिहासाला धरून घेतलेला निर्णय ठरतो.

२०१९ साली स्प्लीटर आणि डेमक्स ही वाद्यं सुटी करणारी साधनं सर्वांना खुली झाली आणि कामाची तऱ्हाच बदलली. आता बोर्डाच्या दोन चॅनलमधून गळा, ढोल, बास वेगळे काढता येतात. याचा चांगला उपयोग आहे. छोट्या सभागृहांत गिटारचे अॅम्प्लिफायर मंचावरूनच एवढे मोठ्याने वाजत की बोर्डात गिटार नावालाच जाई, आणि टेपवर गळा अवाजवी पुढे येई. तो तोल आता सावरता येतो. पण हाताशी सुटे तुकडे आले की ते खोलीभर पांगवण्याचा मोह होतो: ढोल डावीकडे मागे, ऑर्गन उजवीकडे मागे. त्यात सोडवणुकीच्या कडांवर राहिलेली पाण्यासारखी बुडबुड, जी झांजांत सर्वाधिक ऐकू येते. असा कार्यक्रम कोणत्याही रात्री, कोणत्याही खुर्चीवरून कोणी ऐकलेला नाही. डॉल्बी अॅटमॉस या सराउंड पद्धतीमुळे व्यावसायिक संगीतात ही मांडणी रुळते आहे; स्टुडिओतल्या रचनेला ती शोभेलही. एका विशिष्ट रात्रीच्या टेपला शोभत नाही.

या परंपरेचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. ‘वॉल ऑफ साउंड’मागचा माणूस, आउस्ली स्टॅनली, याने २९ मे १९७० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत उस्ताद अली अकबर खां यांची मैफल टिपली, तबल्यावर होते मुंबईचे तरुण झाकीर हुसेन. ते मुद्रण २०२० साली प्रकाशित झालं. आपल्याकडेही रसिकांनी स्पूल आणि कॅसेटवर कितीतरी मैफली जपल्या, पण बहुधा एकाच यंत्रावर, मायक्रोफोन गायकासमोर ठेवून. समेवर आलेली दाद, ज्या दादेने गायकाने तीच जागा पुन्हा घेतली ती दाद, त्या टेपवर लांबून कुठून तरी येते. दुसऱ्या कोपऱ्यातल्या कोणाची त्याच रात्रीची टेप हाती आली, तर वरची सगळी रीत इथेही लागू पडेल, आणि इथे तिची गरज अधिक आहे, कारण आपल्या मैफलीत ऐकणाराही गाण्याचा आकार ठरवतो.

यासाठी मूळ टेप शाबूत हव्यात, आणि इथे मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. टेपरांची जुनी शिस्त अशी होती की प्रत्येक मुद्रणासोबत त्याची वंशावळ लिहिलेली असे: कोणता मायक्रोफोन, कोणता डेक, कितवी प्रत. सराउंड मिश्रणांत ही शिस्त सैल होत चालली आहे. पूर्ण झालेले सहा चॅनल तेवढे पुढे जातात; मागच्या चॅनलसाठी कोणती टेप घेतली, किती मिलिसेकंद सरकवली, काय वजा केलं, याची नोंद नसते. कॅसेटनंतरच्या मूळ डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) टेपही आता तीस वर्षांच्या झाल्या, आणि सोनीने २००५ सालीच डॅट यंत्रं बंद केली. चालू स्थितीतले डेक दरवर्षी कमी होत आहेत. मिश्रण करणाऱ्याने न मिसळलेले स्रोत, जसेच्या तसे, शेजारी ठेवून द्यावेत, आणि सोबत सरकवलेल्या मिलिसेकंदांचा तक्ता जोडावा. उद्या ज्याचे कान अधिक तयार असतील, त्याला बार्टन हॉल पुन्हा पहिल्यापासून उभा करता आला पाहिजे.