एकेरी व्याख्या

दूरसंचार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा सेकंदाला २ मेगाबिट केली. पण केवळ माहिती उतरवून घेण्याची. ही व्याख्या शाळांना अपुरी आहे. मुकुटबनच्या वर्गातला प्रयोग थेट प्रक्षेपित करायचा, तर माहिती वर चढवावी लागते. त्या वेगाविषयी व्याख्या गप्प आहे.

अंतराचे काय? काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सुमारे ३,४०० किलोमीटरवरील सिंगापूरला जाऊन-येऊन निदान ३४ मिलिसेकंद लागणारच. वाटेतला खोळंबा मात्र कमी करता येतो : वायफायऐवजी तार जोडा, जवळचा सर्व्हर निवडा, चित्राचा दर्जा चढत्या वेगाला झेपेल इतकाच ठेवा.

विद्यार्थ्यांकडून दोन्ही वेग मोजून घ्या. जे मोजलेच नाही, ते मागणार कसे?