अविश्वासाचा पुरावा : एका स्कॉटिश नाटकाचे पुनर्वाचन

मराठीतील आधुनिक इतिहासचिकित्सेचा आरंभ एका स्कॉटिश ग्रंथकाराविषयीच्या अविश्वासातून झाला, ही गोष्ट या विभागाच्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगावयास नको. बॅन्फ येथे जन्मलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला आणि सुमारे चार दशकांनी नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्यावर टीका लिहिली. ग्रंथकार परकीय, तेव्हा ग्रंथ अविश्वसनीय, असे म्हणून मोकळे होणे त्यांना अवघड नव्हते. तसे न करता ते एकेका विधानाजवळ थांबले आणि त्याचा आधार पाहू लागले. अविश्वासाला अशा रीतीने पद्धतीचे रूप आले. प्रस्तुत लेखाचा विषय अर्थातच ग्रँट डफ नव्हे. त्याच्या मायदेशात गेल्या पन्नास वर्षांत स्वातंत्र्याच्या राजकारणाबरोबर वाढत गेलेला वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी व शासन यांविषयीचा अविश्वास, आणि त्या अविश्वासाला समर्थ कलारूप देणारे एक नाटक, यांचा येथे विचार करावयाचा आहे. कीर्तन्यांची आठवण एवढ्यासाठीच, की पुढे जो भेद आम्हांस करावयाचा आहे, तो मराठी वाचकाला अपरिचित वाटू नये.

हे नाटक म्हणजे जॉन मॅकग्रा यांचे ‘द चेव्हिअट, द स्टॅग अँड द ब्लॅक, ब्लॅक ऑइल’. १९७३ साली ते रंगभूमीवर आले आणि त्याच वर्षी उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात व बेटांवर, गावोगावच्या सभागृहांतून, त्याचे प्रयोग झाले. नावातील तीन पदे म्हणजे नाटकाचे तीन कालखंड होत. प्रथम चेव्हिअट जातीची मेंढी आली आणि कुळे हुसकली गेली. मग नर हरिण आले, म्हणजे श्रीमंतांच्या शिकारीसाठी मुलूख राखला गेला. शेवटी उत्तर समुद्रातील काळे तेल आले. मॅकग्रा हे बर्कनहेडचे, म्हणजे जन्माने इंग्लंडचेच. त्यांच्या नाटकमंडळीचे नाव ‘७:८४’ असे होते. देशातील शेकडा ७ लोकांच्या हाती शेकडा ८४ संपत्ती आहे, असा आकडा १९६६ साली ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकात आला होता. तोच त्यांनी नाव म्हणून घेतला. प्रस्थापितांवर विश्वास न ठेवणाऱ्या मंडळीने आपले नाव प्रस्थापितांच्याच पत्रातून उचलावे, यात गंमत आहे. परंतु केवळ गंमत नाही. शत्रुपक्षाच्या कागदावरून शत्रुपक्षाला उत्तर द्यावयाचे, ही या नाटकाची सारी रीत त्या नावातच आलेली आहे.

नाटकाचे बाह्यरूप ‘केइली’चे आहे. केइली म्हणजे गेलिक भाषिकांची गाणी, गोष्टी, वादन व नृत्य यांची बैठक. तिच्यात गाणारे आणि ऐकणारे यांच्यात फारसे अंतर नसते. जॉन बर्न यांनी केलेले नेपथ्यही तसेच, म्हणजे पान उलटले की डोंगर अथवा झोपडी उभी राहावी असे एक प्रचंड चित्रपुस्तक. अशा हसत्याखेळत्या रचनेत नट मध्येच भूमिका सोडतात, हाती कागद घेतात आणि वाचू लागतात. कोणत्या खोऱ्यातून किती कुटुंबे काढली गेली, कोणाच्या मालकीची किती एकर जमीन होती, साक्षीदाराने काय पाहिले, हे सारे विनाअभिनय वाचले जाते. रंगतंत्राच्या दृष्टीने हे जोखमीचे आहे, कारण रंगलेला प्रेक्षक अशा जागी थंडावण्याची भीती असते. मॅकग्रा ही जोखीम पत्करतात. ज्याने प्रेक्षकाला अविश्वास शिकवावयाचा, त्याने स्वतःवर आंधळा विश्वास मागू नये, ही नैतिक जाणीव त्यामागे असावी असे आम्हांस वाटते.

पॅट्रिक सेलरच्या प्रसंगी ही रीत विशेष फलदायी ठरते. सेलर हा सदरलंड जहागिरीचा कारभारी. स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातील १८१४ सालच्या जाळपोळीबद्दल त्याच्यावर खटला झाला आणि १८१६ साली इन्व्हर्नेस येथे तो निर्दोष सुटला. ज्यूरीत जमीनदारांचा भरणा होता. नाटककाराला सेलरचा राक्षस करणे सोपे होते. त्याऐवजी तो सेलरला पुढे आणून त्याची कैफियत मांडू देतो. आपण क्रूर नसून व्यवहार पाहणारा माणूस आहोत, असे सेलर शांतपणे सांगतो आणि ते ऐकत असता प्रेक्षकाच्या ध्यानी येते की, हा खोटे बोलत नाही, यातच भयंकरपणा आहे. हॅरिएट बीचर स्टो यांचा प्रवेशही असाच. गुलामगिरीविरुद्ध लिहून जगभर कीर्ती मिळविलेल्या या लेखिकेने सदरलंडच्या डचेसचा पाहुणचार घेतला आणि जहागिरीचे व्यवस्थापक जेम्स लॉक यांच्या वृत्तांतावर विसंबून, त्या हकालपट्टीला आपल्या प्रवासवर्णनात सुधारणा म्हणून गौरविले. डोनल्ड मॅक्लाउड या पाथरवटाने, ज्याने घरे जळताना पाहिली होती, तिला ग्रंथरूपाने उत्तर दिले. सज्जन लेखकही यजमानाच्या कागदांवर पोसला गेला की काय लिहून जातो, हे माध्यमांच्या टीकाकारांनी या एका प्रवेशावरून शिकावे.

येथवर स्तुती झाली. तिसऱ्या खंडात मात्र नाटकाची पकड सैल होते. टेक्सासचा तेलवाला, ग्लासगोचा जमीनविक्या, वतनदार लॉर्ड ही पात्रे हशा पिकवितात. परंतु मेंढी, हरिण व तेल यांना एकाच दोरीत ओवण्याच्या भरात मॅकग्रा इतिहासाला एकच एक कथानक देऊन बसतात. सत्ता नेहमी बाहेरून येते, नेहमी तेच करते, तिला आतून काही फितूर मिळतात. १८१४ संबंधी हातात कागद होते. १९७३ संबंधी कागद कमी आणि साम्य अधिक. साम्यावरून निष्कर्ष काढण्याची सवय येथे हळूच प्रेक्षकाला लागते. नाटककाराचा स्वतःचा निष्कर्ष राष्ट्रवादाचा नव्हता. केवळ राष्ट्रवादाने भागणार नाही, असे हे नाटक स्पष्ट म्हणते आणि १९७३ साली ओबान येथे स्कॉटिश नॅशनल पक्षाच्या अधिवेशनातही त्याचा प्रयोग झाला. तथापि नाटकाने लावलेली सवय नाटककाराच्या निष्कर्षापाशी थांबत नाही.

१९७४ च्या जूनमध्ये हे नाटक बी.बी.सी.ने दूरचित्रवाणीवर दाखविले. गावातील प्रयोगाची दृश्ये, इतिहासप्रसंगांचे चित्रण आणि तेलकामगारांच्या मुलाखती यांची सांगड दिग्दर्शक जॉन मॅकेन्झी यांनी घातली. चाळीस वर्षांनी ज्या संस्थेच्या दारात स्वातंत्र्यवादी निषेधार्थ जमले, त्याच संस्थेने हे नाटक खेड्यातील सभागृहांतून काढून सबंध देशाच्या घरांत नेले, ही वस्तुस्थिती दोन्ही पक्षांच्या वादात क्वचितच उच्चारली जाते.

त्याच वर्षी आणखी एक संहिता तयार झाली, जिला प्रेक्षक मिळावयास तीस वर्षे लागली. स्कॉटिश ऑफिसमधील अर्थतज्ज्ञ गॅव्हिन मॅक्रोन यांनी मंत्र्यांसाठी एक टिपण लिहिले. तेलाच्या उत्पन्नामुळे स्वतंत्र स्कॉटलंडच्या तिजोरीत अडचण वाटावी इतकी शिल्लक पडेल आणि त्याचे चलन युरोपातील अत्यंत भक्कम चलनांपैकी एक होईल, असे त्याचे म्हणणे होते. हे टिपण गोपनीय राहिले. माहितीच्या अधिकाराचा कायदा अमलात आल्यावर, २००५ साली, ते स्कॉटिश नॅशनल पक्षाच्या मागणीवरून बाहेर आले. तेल स्कॉटलंडचे आहे, ही घोषणा १९७२ पासून भिंतींवर होती आणि १९७४ च्या ऑक्टोबरात त्या पक्षाला स्कॉटलंडमध्ये शेकडा ३०.४ मते व ११ जागा मिळाल्या होत्या. तेव्हा लोकांपासून दावा लपविला गेला नव्हता. दाव्याला शासनाच्याच तज्ज्ञाची असलेली संमती लपविली गेली. त्या काळचे अर्थमंत्री डेनिस हीली यांनी २०१३ साली एका मुलाखतीत, राष्ट्रवादाच्या भीतीमुळे आपण तेलाचे मोल कमी करून सांगितले, असे मान्य केले. अविश्वासाला याहून बळकट पुरावा क्वचितच मिळतो.

परंतु हा पुरावा मॅकग्रांच्या कथानकात बसत नाही, याकडे आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे. नाटक टेक्सासकडे बोट दाखवीत होते; कागद स्कॉटलंडचा कारभार पाहणाऱ्या खात्यात, एका स्कॉटिश अधिकाऱ्याच्या हातून, अगदी प्रामाणिकपणे लिहिला जात होता. मॅक्रोन स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते नव्हते. त्यांनी सत्य दडविले नाही. ते योग्य त्या टेबलावर ठेवले आणि तेथेच ते राहिले. दुष्ट माणसावाचून घडलेले लपविणे रंगभूमीवर कसे दाखवावे, याचे उत्तर नाटकाच्या तिसऱ्या खंडापाशी नाही. पहिल्या खंडातील सेलरपाशी ते होते.

१९७९ चे सार्वमत याहून साधे उदाहरण. होकार शेकडा ५१.६ होता, पण एकूण मतदारांच्या शेकडा ४० होकार हवा ही अट होती आणि तो ३२.९ भरला. मतदारयादीतील मृतांनीही नकारच दिला, असे कडवटपणे बोलले गेले. यात गुपित काही नव्हते. अट संसदेत उघडपणे घातली गेली होती. अन्यायाची भावना खरी असूनही कटाची आवश्यकता नाही, असा हा प्रसंग आहे.

२०१४ चे सार्वमत मात्र आमच्या विषयाच्या ऐन गाभ्यातील आहे. शेकडा ८४.६ मतदान झाले, होकार ४४.७. जवळजवळ निम्मा समाज ज्या बाजूस होता, तिला जाहीर पाठिंबा देणारे वृत्तपत्र एकच होते, ‘संडे हेरल्ड’. हे प्रमाण पाहता माध्यमांविषयीची तक्रार निराधार म्हणता येत नाही. मतदानाच्या दोन दिवस आधी ‘डेली रेकॉर्ड’ने पहिल्या पानावर तिन्ही ब्रिटिश पक्षनेत्यांचे वचन छापले. ते साध्या बातमीसारखे न छापता जुन्या चर्मपत्राच्या चित्रावर, तिघांच्या सह्यांसह, छापले गेले. बर्न यांचे चित्रपुस्तक आपण पुठ्ठ्याचे आहोत हे लपवीत नाही. या पानाने मात्र दोन दिवसांच्या राजकारणाला शतकांच्या सनदेचा वेष दिला. वचनाच्या आशयापैकी पुष्कळसे २०१६ च्या कायद्यात उतरलेही; पण रूपातील ढोंग लोकांच्या लक्षात राहिले, आणि ते राहावे यात नवल नाही.

त्याच आठवड्यात अविश्वासाचे दुसरे रूपही दिसले. ग्लासगोतील बी.बी.सी.च्या कार्यालयासमोर मोठा जमाव निषेधाला उभा राहिला. मतदानकेंद्रातील शिसपेन्सिलीची खूण पुसली जाईल, सबब पेन न्यावे, असे सांगितले गेले. डंडी येथील मतमोजणीचे चित्र पसरले : होकाराच्या मतपत्रिका नकाराच्या टेबलावर! त्या मतपत्रिका अद्याप वेगळ्या केलेल्याच नव्हत्या, असा खुलासा झाला. खुद्द डंडीत होकार शेकडा ५७ हून अधिक निघाला. मॅक्रोनच्या टिपणाने सिद्ध केलेला अविश्वास येथे उसना घेतला गेला. एकदा कागद लपविला गेला होता, एवढ्याच आधारावर आता कागदाची गरज उरली नाही.

पुढे या सवयीने आपले घरही सोडले नाही. २०१९ च्या जानेवारीत एडिंबरोच्या कोर्ट ऑफ सेशनने ठरविले की, माजी मुख्यमंत्री अ‍ॅलेक्स सॅमंड यांच्याविरुद्धच्या तक्रारींची चौकशी स्कॉटिश शासनाने बेकायदेशीर रीतीने केली. २०२४ च्या जानेवारीत निकोला स्टर्जन यांनी कोविड चौकशीपुढे, त्या काळातील आपले संदेश राहिलेले नाहीत, असे कबूल केले. ज्या चळवळीला लंडनच्या गोपनीय टिपणाचा न्याय्य राग होता, तिच्याच शासनाचे कागद आता मागितले गेले आणि ते मिळाले नाहीत. यावर त्याच शैलीत नाटक लिहावयाचे झाल्यास टेक्सासच्या टोपीची गरज पडणार नाही.

२०१५ साली डंडीच्या रेपर्टरी नाट्यगृहाने जो डग्लस यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा उभे केले. संहिता वाचताना आमचे लक्ष पुनःपुन्हा गेले ते पहिल्या खंडातील कागद वाचणाऱ्या नटांकडे, आणि तेलाच्या खंडाजवळच्या एका जुन्या प्रवेशाकडे नव्हे तर त्याच्याही आधीच्या एका प्रवेशाकडे. क्रिमियाच्या युद्धासाठी सदरलंडचा ड्यूक सैनिक मागावयास येतो. मुलूख माणसांवाचून ओस पडलेला असतो. एक म्हातारा उठतो आणि मेंढ्यांनाच लढावयास पाठवा, असे त्याला सुचवितो. म्हाताऱ्याने ड्यूकच्या हेतूविषयी चकार शब्द काढलेला नाही. त्याने फक्त खोऱ्यात कोण राहते ते सांगितले आहे.