लॉटरी, द
अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन (१९१६–६५) हिची कथा. ‘द न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात २६ जून १९४८ रोजी प्रसिद्ध. सुमारे ३०० वस्तीच्या खेड्यात दरवर्षी चिठ्ठ्या काढून एकाची निवड होते व गाव त्यास दगडांनी ठेचून मारते. मूळची पेटी हरवली, विधीही बहुतेक विसरला गेला. दगड तेवढे लक्षात आहेत. कथेचे मर्म या तपशिलात आहे. शेजारची गावे ही चाल सोडीत आहेत, हे ऐकून म्हातारा वॉर्नर त्यांना मूर्ख ठरवितो. टेसी हचिन्सनचा आक्रोशही प्रथेविरुद्ध नाही. पाळी स्वतःच्या कुटुंबावर येताच ती विवाहित मुलीलाही चिठ्ठी काढावयास लावू पाहते. तिला केवळ निरपराध बळी मानणारी टीका त्यामुळे अपुरी वाटते. निवेदनाचा सूर अखेरपर्यंत शांत आहे. तिच्या लहानग्या मुलाच्या हातीही कोणीतरी खडे देते.