भिंतीशी उभा राहिलेला डॉक्टर

जपान म्हटले की वसईच्या कॅथॉलिक घरांत पहिले नाव निघते ते संत गोन्सालो गार्सिया यांचे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले, त्यांत आपल्या मातीतला हा फ्रान्सिस्कन बंधू होता. त्याआधी या बंदिवानांचे कान कापले गेले आणि भर थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत त्यांना चालवत नेण्यात आले. सणाच्या प्रवचनात आपण हे लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि ऐकताना नकळत एक वाटणीही करत आलो आहोत: क्रुसावरचे ते आपले, भाला हाती घेतलेले ते परके. त्या सव्वीसांपैकी वीस जण जपानीच होते, हे मात्र सहसा आपल्या लक्षात राहत नाही.

त्याच क्यूशू बेटावरील फुकुओका शहरात १९४५ साली दुसऱ्याच काही बंदिवानांच्या वाट्याला जे आले, त्यावर एका जपानी कॅथॉलिक लेखकाने कादंबरी लिहिली. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या २०१६ च्या 'सायलेन्स' चित्रपटामुळे शुसाकू एंडो (१९२३–१९९६) हे नाव आपल्यापैकी काहींना परिचित झाले आहे. परंतु त्यांची १९५७ मधील 'समुद्र आणि विष' ही छोटेखानी कादंबरी आपल्याकडे फारशी वाचली गेलेली दिसत नाही. आम्ही ती मायकेल गॅलघर यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचली, आणि वाचून झाल्यावर बरेच दिवस तिच्याविषयी कोणाशी बोलावेसे वाटले नाही.

मूळ घटना अशी. मे १९४५ च्या आरंभी एक अमेरिकन बी-२९ विमान क्यूशूवर पाडण्यात आले. त्याच्या कप्तानाला चौकशीसाठी टोकियोला नेले आणि तो वाचला. पकडलेल्या वैमानिकांपैकी आठ जणांना मात्र क्यूशू इंपीरियल विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात आणले गेले. तेथे भूल देऊन कोणाचे फुप्फुस काढण्यात आले, कोणाच्या यकृताचा भाग. रक्ताच्या जागी समुद्राचे पाणी चालते का, तेही पाहण्यात आले. टेबलावरून एकही जण जिवंत उठला नाही. हे करणारे कोणी तुरुंगाचे रखवालदार नव्हते. ते प्राध्यापक, शल्यविशारद, परिचारिका आणि शिकाऊ डॉक्टर होते.

एंडो यांनी या घटनेची बातमी केली नाही. पात्रे आणि प्रसंग त्यांचे स्वतःचे आहेत. सुगुरो हा क्षयरोग्यांच्या विभागातील शिकाऊ डॉक्टर एका निराधार म्हातारीवर जीव लावतो. ती आपली पहिली रुग्ण, ती तरी जगावी, एवढीच त्याची इच्छा आहे. बाहेर रोज बाँब पडत आहेत, वॉर्डात रोज कोणी ना कोणी दगावते आहे, आणि वरिष्ठांमध्ये अधिष्ठातापदासाठी रस्सीखेच चालू आहे. त्या रस्सीखेचीपायी एका प्रतिष्ठित घरातील तरुणीची शस्त्रक्रिया घाईने केली जाते आणि ती टेबलावरच मरण पावते. मग तिच्या मृत देहाला सलाईन लावून, ती जिवंत आहे असे भासवत, नातेवाइकांच्या देखत खोलीत परत नेले जाते. आमच्या मते कादंबरीचा खरा कणा हा प्रसंग आहे. अमेरिकन कैदी त्या इमारतीत येण्यापूर्वीच तिथे माणसाचे काय झाले होते, हे एंडो यांनी या एका प्रसंगात सांगून टाकले आहे. नंतर जे घडते ते वाचकाला अकल्पित वाटत नाही, आणि तेच अधिक भयंकर आहे.

कैद्यावरच्या प्रयोगाला हजर राहशील का, असे सुगुरोला विचारले जाते. त्याच्यावर कोणी बंदूक रोखलेली नाही, नाही म्हणायला मुभा आहे. तो हो म्हणतो; का म्हणतो ते त्यालाही उमगत नाही. उपचारच होणार या समजुतीने कैदी मुकाट्याने टेबलावर चढतो. आयत्या वेळी सुगुरोच्या हातून काही होत नाही. तो मागे सरतो, भिंतीला पाठ लावून उभा राहतो आणि पाहत राहतो. शस्त्राला त्याने हात लावला नाही, हे त्याचे समर्थन. आणि तोंडातून शब्द काढला नाही, हा त्याचा अपराध. प्रत्येक मिस्साच्या आरंभी आपण जी कबुली देतो, तीत करायचे होते ते न केल्याचेही पाप असते. शब्द इतके सरावाचे झाले आहेत की त्यावर जीभ अडखळत नाही. आमची या कादंबरीनंतर अडखळू लागली.

सुगुरोचा सोबती तोदा हा वेगळा नमुना. बालपणीच्या चोरीपासून तारुण्यातील दुराचारापर्यंत आपल्याला पश्चात्ताप असा कधी झालाच नाही, उघडकीला येण्याची भीती तेवढी वाटली, असे तो थंडपणे लिहून ठेवतो. कैद्याच्या हत्येनंतर तरी मन टोचेल या आशेने तो स्वतःला चाचपून पाहतो, आणि हाती काहीच लागत नाही. ही पाने परमेश्वरापुढे न केलेल्या पापनिवेदनासारखी वाचली जातात. एंडो यांचा विचार येथे उघड होतो: परमेश्वराची जाणीव नसलेल्या समाजात लोकलाज असते, पापबोध नसतो. प्राध्यापकाची जर्मन पत्नी हिल्डा हिच्याकडून त्यांनी याची उलट बाजू मांडली आहे. मरणासन्न रुग्णाला प्राणघातक इंजेक्शन देऊ पाहणाऱ्या परिचारिकेला ती अडवते आणि देवाच्या शिक्षेचे भय नाही का, असे विचारते.

नेमके येथे आमचे एंडो यांच्याशी जमत नाही. ख्रिस्ती वाचकाला हा विचार फारच सोयीचा आहे. तो वाचून आपण मान डोलावतो आणि पुस्तक मिटतो. परंतु हिल्डा ज्या देशातून आली, तिथल्या डाखाऊ छावणीत, म्हणजे शतकानुशतके कॅथॉलिक असलेल्या बव्हेरियात, क्लाउस शिलिंग हा डॉक्टर बंदिवानांना हिवतापाची लागण करून प्रयोग करत होता, आणि त्या बंदिवानांत पोलंडचे कॅथॉलिक धर्मगुरूही होते. एंडो यांना युरोपचे हे अंग ठाऊक नव्हते असे नाही. १९५५ सालच्या 'गोरा माणूस' या त्यांच्या दीर्घकथेचा नायक ल्याँमध्ये गेस्टापोच्या बाजूने छळ करणारा फ्रेंचच आहे. गोऱ्याला देव माहीत असतो आणि तो त्याच्याशी वैर करतो, जपान्याला देवच माहीत नसतो, असा काहीसा भेद त्यांना अभिप्रेत असावा. भेद सूक्ष्म आहे. टेबलावर निजवलेल्या माणसाला मात्र त्याचा काहीही उपयोग नव्हता.

आणखी एक उणीव आम्हाला जाणवली. सुगुरो, तोदा, परिचारिका उएदा, सर्वांना स्वतःचा भूतकाळ आहे. कैद्याला जवळजवळ काहीच नाही. मारणाऱ्याचे अंतःकरण तपासताना मरणाऱ्याचे नावगाव गळून पडते. लेखकाने हे जाणूनबुजून केले असेल, कारण पात्रे कैद्याकडे तशीच पाहतात. पण राष्ट्रेही असेच करतात, म्हणून ही उणीव नजरेआड करता येत नाही.

कायद्याने काय केले, तेही पाहावे. मुख्य शल्यविशारद इशियामा याने १९४६ साली कैदेतच आत्महत्या केली. १९४८ साली योकोहामा येथे अमेरिकन लष्करी न्यायालयापुढे तीस जणांवर खटला चालून तेवीस दोषी ठरले; पाच जणांना देहान्त आणि चार जणांना जन्मठेप झाली. मग १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले, अमेरिकेला जपान मित्र म्हणून हवा झाला, आणि बहुतेक शिक्षा कमी करण्यात आल्या. एकही फाशी अंमलात आली नाही. १९५८ पर्यंत सर्व जण सुटले. हे निदान ज्यांचे कैदी गोरे अमेरिकन होते त्यांच्याबाबत झाले. हार्बिनजवळ ७३१ क्रमांकाच्या पथकाने बहुतांशी चिनी बंदिवानांवर याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर प्रयोग केले. त्याचा प्रमुख शिरो इशी याला अमेरिकेने प्रयोगांच्या माहितीच्या बदल्यात अभय दिले. डिसेंबर १९४९ मध्ये सोव्हिएत रशियाने हाबारोव्स्क येथे बारा जणांवर खटला चालवला, तेव्हा पाश्चिमात्यांनी तो प्रचार म्हणून झटकून टाकला.

आपणही यातून अलिप्त नाही. १९४२ साली सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या हाती लागलेल्या हिंदी सैनिकांपैकी हजारोंना न्यू गिनी व आसपासच्या बेटांवर मजुरीसाठी नेण्यात आले. उपासमार, रोग आणि मारहाण यांनी त्यांतले असंख्य तिथेच मेले. आझाद हिंद सेनेत गेलेल्यांची गाणी झाली, आणि ते योग्यच झाले; या दुसऱ्यांसाठी आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळीही सापडत नाहीत. न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी टोकियो खटल्यातील सर्व आरोपींना निर्दोष मानले, हे आपण अभिमानाने सांगतो. कैद्यांवरील अत्याचारांचा पुरावा प्रबळ आहे हे त्यांनीही त्याच निकालपत्रात मान्य केले होते, हे मात्र सांगायचे राहून जाते.

एंडो यांना सुगुरोने पुढेही सोडले नाही. १९७७ सालच्या एका कादंबरीत त्यांनी त्याला म्हातारा करून परत आणले. एक तरुण वार्ताहर जुने प्रकरण उकरून त्याच्यामागे लागतो. त्या वार्ताहराला न्यायाविषयी तिळमात्र शंका नाही. शेवटी सुगुरो गळफास लावून घेतो. पहिल्या पुस्तकात ज्याला लेखकाने भिंतीशी उभे केले, त्याच्याकडे वीस वर्षांनी तो अधिक कनवाळूपणे पाहतो आहे. त्याच वेळी, त्याला दोषमुक्त करणे आपल्या हाती नाही, हेही तो जाणून आहे.

प्रत्यक्षातही त्या खोलीत एक विद्यार्थी होता. तोशिओ तोनो, वय एकोणीस. समुद्राच्या पाण्याची बाटली धरणे आणि फरशीवरचे रक्त धुणे ही त्याची कामे. पुढे ते फुकुओकातच प्रसूतितज्ज्ञ झाले. जुन्या सहकाऱ्यांना आवडणार नाही हे ठाऊक असूनही त्यांनी खटल्याची कागदपत्रे धुंडाळून १९७९ साली पुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढे वर्षानुवर्षे बोलत राहिले. २०१५ साली विद्यापीठाने वैद्यकीय इतिहासाचे संग्रहालय उघडले आणि त्यात या प्रकरणासाठी एक छोटी जागा दिली. तोनो तेव्हा नव्वदीला टेकले होते. त्याच वर्षी त्यांनी आपल्या दवाखान्यात या घटनेविषयीचे स्वतःचे प्रदर्शन लोकांसाठी खुले केले. तपासणीला आलेल्या गरोदर स्त्रिया त्यावरून नजर फिरवून पुढे जात.