चेनसॉने घडवलेले प्राणी : एका तरुण कलेची आजची स्थिती

चेनसॉ मुळात झाडे पाडण्यासाठी आणि ओंडके तोडण्यासाठी तयार झाला. त्याच यंत्राने लाकडातून अस्वल, गरुड, घुबड, घोडा असे प्राणी कोरण्याची कला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर अमेरिकेच्या जंगलपट्ट्यात वाढली आणि तिथून जर्मनी, ब्रिटन, जपानपर्यंत पोचली. सुमारे सत्तर वर्षांत तिची साधने सुधारली, हात सफाईदार झाले, अनेकांची उपजीविका या कामावर चालू लागली. तरीही तिच्यातले बहुतेक काम आज एका जागी अडकले आहे. कोरणाऱ्याला करवतीचा वेग हवा असतो, करवतीची खूण मात्र नको असते. आणि या यंत्राने प्राणिशिल्पाला जे नवे दिले ते नेमके त्या खुणेत आहे.

पेट्रोलवर चालणाऱ्या करवती जर्मनीत 1920 च्या दशकाअखेरीस बनू लागल्या, पण त्या पेलायला दोन माणसे लागत. एकट्याला वापरता येतील असे चेनसॉ 1950 च्या सुमारास सर्रास मिळू लागले. त्याआधी ओरेगनमधील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने साखळीच्या दातांची रचनाच बदलली होती. लाकूड पोखरणारी अळी आपले जबडे डावीउजवीकडे चालवत तंतूंना आडवे आणि उभे सारख्याच सहजपणे कापते, हे त्याने 1946 मध्ये निरखले, तशा वळणदार दातांची साखळी बनवली आणि 1947 मध्ये तिचा कारखाना काढला. आजच्या बहुतेक साखळ्या त्याच वळणाच्या आहेत. तोडकामात यामुळे वेग वाढला. कोरणाऱ्याला त्याहून मोठी गोष्ट मिळाली. पटाशीने काम करताना तंतूंची दिशा पाहूनच हात चालवावा लागतो, नाहीतर ढलपी भलतीकडे फाटते. चेनसॉ कोणत्याही कोनातून लाकडात शिरतो.

रे मर्फी यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, लहान वयात, वडिलांच्या करवतीने लाकडात भावाचे नाव कोरले, ही या कलेच्या इतिहासात नेहमी सांगितली जाणारी पहिली घटना. पुढे त्यांनी हे काम तिकीट लावून प्रेक्षकांसमोर केले. केन कायझर यांनी 1961 मध्ये कॅलिफोर्नियातील ‘ट्रीज ऑफ मिस्टरी’ या पर्यटनस्थळासाठी पन्नास शिल्पे कोरली. म्हणजे ही कला जन्मली ती खेळ आणि पर्यटन यांच्या मधल्या जागेत. शिल्प धावत्या मोटारीतून ओळखू यावे आणि ते घडताना पाहायला लोक थांबावेत, या दोन गरजा तिच्या घडणीत इतक्या खोल गेल्या आहेत की पुढच्या पिढ्यांना त्या गरजा न वाटता कलेचे नियमच वाटू लागले.

साधनाचे स्वतःचे नियम वेगळे आहेत. चेनसॉचा बार, म्हणजे साखळी जिच्या कडेने फिरते ती पट्टी, सरळ आणि चपटा असतो, त्याने सपाट पृष्ठ आणि लांब, मोकळे वळण सहज निघते. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला टेकला की साखळी कापण्याऐवजी अडकते आणि अख्खा बार क्षणार्धात चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतो. म्हणून तोडकामात टोक वापरू नये असे शिकवतात. कोरकामात टोकाशिवाय डोळा, नाकपुडी, कानाची खोबण होतच नाही. यातून निमुळत्या टोकाचे खास बार आले. अमेरिकेत ते नाण्यांवरून ओळखले जातात : पाव डॉलरच्या नाण्याएवढ्या टोकाचा ‘क्वार्टर’ आणि दहा सेंटच्या नाण्याएवढ्या टोकाचा ‘डाइम’. टोक जितके लहान तितकी उसळी कमी आणि वळण बारीक. मोठ्या करवतीने ओंडक्यातून ठोकळ आकार काढायचा, मधल्या करवतीने अंग गोलाईत आणायचे आणि शेवटी अशा बारने चेहरा व केस काढायचे, असा कामाचा क्रम ठरून गेला आहे.

अस्वल इतके का कोरले जाते, याचे उत्तर बाजारात आहे तसे लाकडातही आहे. बसलेले अस्वल उभ्या ओंडक्यात जवळजवळ तयारच असते. त्याचे हातपाय अंगाशी मिटलेले, मान आखूड, कान छोटे. दंडगोलाबाहेर काहीच जात नाही. शिवाय दाट केसांखाली हाडा-स्नायूंच्या चुका लपतात. घुबडाचेही तसेच. उभ्या ओंडक्यातल्या घोड्याचे पाय तंतूंच्या दिशेत येतात, पण पुढे ताणलेली मान आणि उचललेला खूर तंतूंना आडवे जातात आणि तिथेच मोडतात. गरुडाचे पसरलेले पंख याच कारणाने पुष्कळदा वेगळ्या फळ्यांतून कोरून जोडावे लागतात. त्यामुळे कोरणाऱ्याचा कस पाहायचा तर अस्वलाकडे न पाहता हरिण, बगळा, धावता लांडगा यांच्याकडे पाहावे. ओरेगनचे जे. चेस्टर आर्मस्ट्राँग यांनी घोड्यांची धाव लाकडात पकडण्यासाठी जे कष्ट घेतले त्यांचे मोल या दृष्टीने फार मोठे आहे.

केसांची गोष्ट थोडी अधिक सांगायला हवी, कारण कलेचे गुणदोष तिथे सर्वांत स्वच्छ दिसतात. बारचे टोक हलके टेकवून ओढले की लाकडात एक चर पडतो. अशा शेकडो चरांतून लोकर उभी राहते. खऱ्या जनावराच्या अंगावर केस नाकाच्या हाडावरून मागे जातात, खांद्याच्या सांध्यावर भोवरा घेतात, पोटाखाली सैल लोंबतात. बहुसंख्य अस्वलांच्या अंगावर मात्र एकाच लांबीच्या, एकाच दिशेच्या रेघा असतात. मग त्यांवर गॅसच्या ज्योतीने लाकूड काळे करायचे, उंचवटे ब्रशने घासून उजळ करायचे, डोळ्यात काळा चकचकीत रंग भरायचा. पाहणारा खूश होतो, पण त्या कातडीखाली प्राणी नसतो. दुसरीकडे ग्राइंडर आणि पॉलिश पेपर चालवून करवतीचा मागमूसही न ठेवणारे काम आहे. त्यातली मेहनत खरी आहे. पण ते शिल्प पटाशीने केले असते तरी तसेच दिसले असते. जर्मनीत जन्मलेले युर्गेन लिंगल-रेबेटेझ यांची वन्यप्राण्यांची शिल्पे या दोन्हींपासून दूर आहेत. तिथे करवतीचा कापच गालाचे हाड होतो आणि आयाळीतला खोल चर सावली धरतो. योग्य वेळी थांबणे हेच तिथले कौशल्य आहे.

लाकूड वाळताना फुटते, ही अडचण सर्वांची. वाढीच्या वलयांच्या दिशेने लाकूड जितके आकसते ते केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेतल्या आकसण्याच्या दीड ते दोन पट असते, त्यामुळे अख्ख्या ओंडक्यात गाभ्यापर्यंत भेग जाणारच. ओले लाकूड कापायला सोपे म्हणून बहुतेक जण तेच घेतात आणि शिल्पाच्या पाठीत गाभ्यापर्यंत एक चर आधीच मारून ठेवतात, म्हणजे भेग चेहऱ्यावर न येता तिथे उघडते.

स्पर्धांनी या कलेला एकत्र बांधले. ओरेगनमधील रीड्सपोर्ट, ब्रिटिश कोलंबियातील चेटविंड, स्कॉटलंडमधील कारब्रिज, जपानच्या आयची प्रांतातील तोएई ही तिची ठाणी. चेटविंडमध्ये 2005 पासून स्पर्धा भरते आणि शिल्पे गावातच राहतात, त्यामुळे कलेचा बदलता कल एका फेरीत पाहता येतो. जपानमध्ये युद्धानंतर सुगी वृक्षांची प्रचंड लागवड झाली होती. सरळ वाढलेले ते मऊ लाकूड या कामाला फार अनुकूल आहे. मात्र स्पर्धांत तासा-दीड तासात शिल्प पुरे करून लगेच लिलावात काढायचे, या प्रकाराने नुकसानही केले आहे. घड्याळ समोर असताना कोणीही नवा प्राणी कोरायला घेत नाही. हाताला पाठ असलेलेच निघते. पेनसिल्व्हेनियातील रिजवे येथे भर थंडीत भरणारा मेळावा बक्षिसांऐवजी शिकण्या-शिकवण्यासाठी आणि दानासाठी होता. कलेची वाढ अशा जागी जास्त झाली, हे तिथे शिकून गेलेल्यांच्या कामावरून दिसते.

कलादालनांनी याच यंत्राकडे वेगळ्या वाटेने पाहिले. गेओर्ग बाझेलिट्झ यांनी 1980 च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत लिंडनच्या लाकडातून करवत आणि कुऱ्हाडीने तासलेली मानवाकृती मांडली. श्टेफान बाल्केनहोल यांच्या 1991 च्या ‘57 पेंग्विन’मध्ये प्रत्येक पक्षी खरबरीत, साधा आणि दुसऱ्याहून वेगळा आहे. वेल्समध्ये डेव्हिड नॅश यांनी चेनसॉ आणि आग यांवर अमूर्त शिल्पांची कारकीर्द उभी केली. स्पर्धांच्या मैदानात ही नावे क्वचित निघतात आणि दालनांचे समीक्षक त्या मैदानात फिरकत नाहीत. दोघांचेही यात नुकसान आहे, पण जास्त मैदानाचे. तिथे परीक्षक बहुधा सहकलाकार असतात आणि उरलेला निकाल गर्दीच्या मतांवर लागतो. बारकावे नावाजले जातात, घडणीविषयी कोणी बोलत नाही.

सर्वांत जिवंत काम उभ्या मेलेल्या झाडांवर झाले आहे. ब्रिटिश कोलंबियातील होप गावी 1991 मध्ये मूळ कुजलेल्या एका झाडातून पीट रायन यांनी पंज्यात सामन मासा धरलेला गरुड कोरला आणि गावाची ओळखच बदलली. 2005 च्या कट्रिना वादळानंतर मिसिसिपीच्या किनाऱ्यावर मेलेल्या ओक वृक्षांतून मार्लिन मिलर आणि इतरांनी डॉल्फिन, पेलिकन, बगळे काढले. टेक्सासच्या गॅल्व्हस्टन बेटावर 2008 च्या आइक वादळात समुद्राचे खारे पाणी शिरून हजारो झाडे वाळली. घरमालकांनी आपापल्या अंगणातले बुंधे कोरून घेतले. इथे फांदी कुठे वळली आहे तेच पंख कुठे उघडेल हे ठरवते, त्यामुळे पाठ केलेली आकृती चालत नाही.

अशा शिल्पांचे आयुष्य थोडे असते. बुंधा मातीत असल्याने कूज खालून वर चढते. जवसाचे तेल किंवा वॉर्निश ऊन-पाऊस अडवते, जमिनीतली ओल अडवत नाही. अनेक झाडे पडली किंवा काढून टाकावी लागली. त्यांची मापे, सर्व बाजूंची छायाचित्रे, लाकडाची जात आणि कोरणाऱ्याचे नाव यांची पद्धतशीर नोंद फार थोड्या गावांनी ठेवली आहे. पहिल्या दोन पिढ्यांचे उत्तम काम झपाट्याने नाहीसे होत असताना हे नोंदीचे काम नगरपालिका आणि संग्रहालयांनी तातडीने हाती घेण्याजोगे आहे.